घेणाऱ्याची नजर : इंदूरच्या पुनर्वापर दुकानांची पार्श्वभूमी

इंदूरच्या जुन्या मराठी घरांत वापरून झालेल्या कपड्यांच्या वाटा ठरलेल्या असत. मऊ झालेल्या धुवट लुगड्याची बाळासाठी दुपटी होत, जाड कापड गोधडीत जाई, धडके कपडे नात्यातल्या लहान मुलांकडे किंवा घरकाम करणाऱ्या बाईंकडे जात, आणि उरलेले बोहारणीसाठी बांधून ठेवले जाई. दारात टोपले उतरवून बसलेली बोहारीण लुगडे उजेडाकडे धरून पाही, पदर आणि काठ वेगवेगळे चाचपी, जरतार खरी असेल तर तिचा हिशेब निराळा करी आणि विरलेल्या जागी बोट ठेवून म्हणे, "वहिनी, एवढ्यात पातेलं नाही परवडत, आणखी एक विजार टाका." पुनर्वापराच्या दुकानाचा इतिहास सांगताना तिच्यापासून आरंभ करणे मला योग्य वाटते, कारण जुनी वस्तू घेण्याआधी ती नीट पाहण्याचे कौशल्य तिच्याकडे होते, आणि आजच्या दुकानांना नेमके तेच नव्याने शिकावे लागत आहे.

पाश्चात्त्य देशांत अशा दुकानांचा उगम दानधर्मात झाला. बॉस्टनमध्ये १९०२ साली एडगर हेल्म्स या धर्मोपदेशकाने सुरू केलेल्या गुडविल या संस्थेच्या कामात सुखवस्तू वस्त्यांतून जुन्या वस्तू गोळा करून त्या गरजूंकडूनच दुरुस्त करून घेतल्या जात आणि त्यातून त्यांना मजुरी मिळे. ऑक्सफर्डमध्ये १९४२ साली स्थापन झालेल्या दुष्काळ निवारण समितीकडे, म्हणजे पुढच्या ऑक्सफॅमकडे, ग्रीसच्या मदतीसाठी लोकांनी गरजेपेक्षा जास्त वस्तू पाठवल्या, आणि त्यांचे करायचे काय या अडचणीतून १९४७ च्या अखेरीस ब्रॉड स्ट्रीटवर तिचे दुकान उभे राहिले. भारतात १९९९ साली दिल्लीत सुरू झालेल्या 'गूंज' संस्थेने वेगळी दिशा घेतली: गावकऱ्यांनी आपल्या गावासाठी विहीर, रस्ता किंवा बंधारा असे काम करायचे आणि कपडे त्या श्रमाचा मोबदला म्हणून घ्यायचे. जुनी वस्तू घेणाऱ्याला मान खाली घालावी लागू नये, हा या पद्धतीचा गाभा मला फार मोलाचा वाटतो.

मध्य प्रदेशात २०१६ साली राज्य सरकारचा आनंद विभाग स्थापन झाला आणि जानेवारी २०१७ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत 'आनंदम्' नावाची ठिकाणे सुरू झाली. आपल्याकडे जास्त असलेले तेथे ठेवावे आणि ज्याला हवे त्याने न विचारता न्यावे, एवढाच त्यांचा नियम. त्याच सुमारास 'नेकी की दीवार', म्हणजे जास्तीच्या वस्तू एखाद्या भिंतीपाशी ठेवाव्यात आणि गरजूंनी त्या न्याव्यात, ही इराणमधून पसरलेली कल्पनाही अनेक शहरांत रुजली. हेतू निर्मळ होता, परंतु भिंतीला पाहणारे डोळे नव्हते. पावसात भिजलेले गठ्ठे, एकाच पायाची चप्पल, चेन तुटलेल्या शाळेच्या पिशव्या असा ढीग मी स्वतः पाहिला आहे. त्यातून आपल्या मापाचा सदरा शोधणाऱ्या माणसाची जी अवहेलना होते, ती देणाऱ्याच्या दृष्टीस कधी पडत नाही.

दानाचा हा एक प्रवाह झाला; दुसरा कचऱ्याच्या व्यवस्थेतून आला. स्वच्छ सर्वेक्षणात २०१६ साली पंचविसाव्या स्थानावर असलेले इंदूर २०१७ साली पहिले आले, आणि घरोघरी येणाऱ्या गाडीत कचरा वेगवेगळा टाकण्याची सवय गल्लीगल्लीत मुरली. मात्र आईचा स्वेटर किंवा मुलाची सायकल कोणत्या कप्प्यात टाकायची, हा प्रश्न त्या गाडीपाशी सुटत नाही, कारण त्या वस्तू अजून कचरा झालेल्याच नसतात. मे २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या 'मेरी लाइफ, मेरा स्वच्छ शहर' मोहिमेत देशभरातील शहरांना कपडे, पादत्राणे, पुस्तके, खेळणी आणि प्लास्टिकच्या वस्तू स्वीकारणारी केंद्रे उघडण्यास सांगण्यात आले, तेव्हा या मधल्या वस्तूंना कचऱ्याच्या सरकारी चौकटीत जागा मिळाली.

लोकांनी चालवलेले पुनर्वापर दुकान या दोन्ही प्रवाहांच्या संगमावर उभे असते, आणि त्याचे खरे काम विक्रीच्या कप्प्यांपेक्षा स्वीकाराच्या टेबलावर चालते. सदऱ्याची कॉलर आणि काख पाहिली जाते, खिसे उलटे केले जातात, खेळण्याचे सेलचे झाकण उघडून आत हिरवट गंज तर नाही ना हे तपासले जाते, मिक्सर देणाऱ्यासमोरच लावून पाहिला जातो. अंतर्वस्त्रे, उशा व गाद्या आणि उघडलेली औषधे घेतली जात नाहीत; हेल्मेटही परत केले जाते, कारण आतला आघात बाहेरून दिसत नाही. नकार देणे कठीण असते. दिवाळीच्या साफसफाईत पोतेभर सामान घेऊन आलेल्या काकांना "यातले निम्मे घरी न्या" असे सांगताना नव्या स्वयंसेवकाचा आवाज दबतो, परंतु हा नकार टाळला की महिनाभरात दुकानाचे गोदाम होते. काही दुकाने वस्तूंवर नाममात्र किंमत लावतात. त्यामुळे घेणाऱ्याला रंग निवडता येतो, घासाघीस करता येते आणि नको असेल तर सोडून जाता येते.

न खपलेल्या सुती कपड्यांच्या पिशव्या आणि पुसणी होतात. लोकरीचे कपडे जुन्या लोकरीपासून पुन्हा सूत काढणाऱ्या पानिपतच्या व्यापाऱ्यांपर्यंत पोहोचू शकतात. कापण्याआधी प्रत्येक सदऱ्याची बटणे काढून बरणीत टाकली जातात. बोहारणीला सदरा देण्यापूर्वी हे काम घरातली बाई करीत असे. आता सदरे बटणांसकट येतात आणि दुकानातल्या मावशी लहान कात्रीने ती एक एक करून उतरवतात.