सापाची कात कशी वाचायची

सापाची कात सापडली की लोक आधी तिची लांबी मोजतात, आणि अंदाज तिथेच चुकतो. खवल्यांच्या मधली दुमडलेली त्वचा कात निघताना ताणली जाते. त्यामुळे कात सापापेक्षा साधारण पाचव्या हिश्शाने, कधी त्याहूनही जास्त लांब भरते. पाच फुटांची कात म्हणजे चार-सव्वाचार फुटांचा साप.

त्वचेचा बाहेरचा थर केराटिनचा (नखं-केस ज्याचे बनतात त्या प्रथिनाचा), मृत पेशींचा असतो आणि तो वाढत नाही. खाली नवा थर पूर्ण तयार झाला की जुना सबंध सुटतो. वाढत्या पिल्लांत हे दर काही आठवड्यांनी घडतं, मोठ्या सापांत वर्षातून मोजक्या वेळा. वाढ मंदावली तरी कात टाकणं थांबत नाही. जखम झाली तर कात लवकरही पडते. रॅटलस्नेक या शेपटी खुळखुळवणाऱ्या अमेरिकी सापाच्या शेपटीला दर कातीला एक कडी वाढते, म्हणून कड्या मोजून वय कळत नाही.

कात पडण्याआधी जुन्या आणि नव्या थरामध्ये द्रव भरतो. अंग निस्तेज होतं, डोळे दुधी-निळसर दिसतात. या दिवसांत सापाला नीट दिसत नाही. तो दडून बसतो, सहसा खात नाही आणि डिवचलं तर एरवीपेक्षा लवकर चावतो. काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात. पुष्कळांना वाटतं, कात पडून गेली, पण ती खरं तर त्यानंतर तीन-चार दिवसांनी पडते. साप ओठ दगडावर, खोडावर घासतो, तिथे कात फाटते आणि तो पुढे सरकत बाहेर पडतो. मोजा उलटा काढावा तशी कात उलटत जाते. त्यामुळे कातीच्या शेपटीचं टोक ज्या दिशेला, त्या दिशेला साप गेलेला असतो.

रंगपेशी खालच्या थरात राहतात, म्हणून कात जवळजवळ रंगहीन असते. नक्षीची पुसट छटा मात्र कधी कधी दिसते. ओळख पटवायची तर खवले पाहावेत. पाठीवरच्या खवल्यांच्या ओळी शरीराच्या मध्यावर, पोटाच्या रुंद खवल्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत मोजायच्या. पोटाचा खवला त्यात धरायचा नाही. डोक्याचा भाग सर्वांत मोलाचा, तो चुरगळू देऊ नये. तिथे दोन गोल, पारदर्शक चकत्या दिसतात. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर हाच खवला असतो आणि तोही कातीबरोबर निघतो.

हवा फार कोरडी असली की कात तुकड्यातुकड्यांनी निघते. शेपटीला राहिलेलं कडं आवळत जाऊन टोकाचा रक्तपुरवठा तुटतो आणि टोक झडतं. सर्पालयात अशा सापाला कोमट पाण्यात किंवा ओल्या शेवाळात ठेवतात. डोळ्यावर अडकलेली चकती चिमट्याने ओढायची नसते, खालचा नवा खवला फाटून डोळाच जाऊ शकतो. हवेत ओलावा पुरेसा ठेवला तर बहुधा पुढच्या कातीबरोबर ती आपोआप सुटते.