संदेशवहनाची साधने आणि समाज (सातारा-सांगली परिसर)

टपाल, छपाई, तार, रेडिओ, दूरध्वनी यांसारखी साधने माणसांच्या सवयी बदलतात आणि माणसेही आपल्या गरजेप्रमाणे त्या साधनांना वळण लावतात. या परस्परसंबंधाच्या अभ्यासात दोन मते ठळक आहेत. कॅनडातील हॅरल्ड इनिस आणि मार्शल मॅक्लुअन यांचा भर माध्यमाच्या घडणीवर होता. माध्यम बदलले की समाजाची घडी बदलते, असा त्यांचा रोख. ब्रिटिश अभ्यासक रेमंड विल्यम्स यांनी १९७४ मध्ये त्याला हरकत घेतली. साधन कोणी, कशासाठी उभे केले हे आधी पाहा, असे त्यांचे म्हणणे. कृष्णाकाठची साक्ष बरीचशी विल्यम्स यांच्या बाजूने जाते. सांगली जिल्ह्याचा मोठा भाग १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच होता, त्यामुळे दोन्ही जिल्ह्यांचा विचार येथे एकत्र केला आहे.

छपाई : मिरजेत १८०५ मध्ये, गंगाधरराव पटवर्धन यांच्या आश्रयाने, तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरे कोरून भगवद्गीता छापली गेली. म्हणजे तंत्र हाताशी होते, कारागीर होता, आश्रयदाताही होता. तरीही त्या छपाईतून मिरजेत वाचकवर्ग उभा राहिला नाही. छापले ते पोथीसारखे आणि वापरलेही पोथीसारखेच. छापील मजकुराची रोज वाट पाहणारा समाज तेव्हा नव्हता.

पुढे ११५ वर्षांनी, त्याच परिसरात, चित्र उलटे दिसते. किर्लोस्करवाडीच्या नांगरांच्या कारखान्यातून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. कारखान्याची माहिती देणारे ते साधे पत्रक. पण शंकरराव किर्लोस्कर यांच्या संपादनाखाली त्याचे सुधारणावादी मासिक झाले, १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही भावंडेही आली. माळावरच्या वसाहतीतून निघालेली मासिके महाराष्ट्रभर वाचली जात होती, याचे श्रेय यंत्राइतकेच रेल्वेचे, टपालाचे आणि शाळेत जाऊ लागलेल्या मुलींचे आहे.

छपाईने एक गोष्ट मात्र नकळत मोडीत काढली, ती म्हणजे मोडीच. पूर्वी व्यवहार मोडी लिपीत आणि पोथी बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, अशी वाटणी होती. छपाईचे खिळे प्रामुख्याने बाळबोधीचे पडले, मोडी हातापुरती उरली आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर शाळेतूनही गेली. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा दप्तरखान्यांत मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला.

टपाल आणि तार : या परिसरातून माणसे सतत बाहेर जात आली. कोणी मुंबईच्या गिरणीत, कोणी पलटणीत. विटा, खानापूर, आटपाडी भागातले गलाई कामगार सोन्याचांदीच्या शुद्धीकरणासाठी देशभर पसरले. घरचा माणूस गावात नसणे ही इथली कायमची स्थिती, आणि प्रत्येक नवे साधन आधी याच कामाला जुंपले गेले. भारतात पोस्टकार्ड १८७९ मध्ये आणि मनीऑर्डर १८८० मध्ये आली. मनीऑर्डरच्या फॉर्मवर खाली मजकुरासाठी थोडी जागा असे. दोनच ओळी मावत, पण पैशाबरोबर खुशाली येई.

पत्र लिहिणारा बहुधा एक आणि ऐकणारे अनेक. पोस्टमन, मास्तर किंवा शाळेत जाणारे पोर ते ओसरीवर मोठ्याने वाचून दाखवी. ‘पत्रास कारण की’, ‘थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद’ हा साचा या जाहीर वाचनामुळेच टिकला असावा. सासूसासऱ्यांसमोर वाचले जाणार म्हटल्यावर नवरा बायकोला उद्देशून काय लिहिणार? तिची विचारपूस ‘घरातील सर्व मंडळी’ या शब्दांत उरकली जाई. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यात आणली. खेडोपाडी शाळा झाल्या, बायका स्वतः पत्र वाचू लागल्या, तेव्हा कुठे पाकीट चिकटवण्याला अर्थ आला. टपालखात्याने खासगीपणाची सोय केव्हाच करून ठेवली होती. ती वापरायला साक्षरता यावी लागली.

तारेचे वेगळेच झाले. ती महाग, शब्दांवर पैसे, म्हणून निकडीशिवाय कोणी करीत नसे. परिणामी ‘तार आली’ एवढे कानावर पडताच घरात रडारड सुरू होई, मजकूर बढतीचा असला तरी. अपशिंगे मिलिटरीसारख्या, घरटी सैनिक देणाऱ्या गावात हा धसका किती खोल असेल, हे सांगायला नको. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

प्रतिसरकारचा काळ : १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली सातारा जिल्ह्यात समांतर सरकार चालले. ब्रिटिश प्रशासनाची पकड तारा, टेलिफोन आणि रेल्वे यांच्यावर होती, म्हणून घाव तिथेच घातले गेले. तारा तोडल्या गेल्या, ७ जून १९४३ रोजी शेणोली येथे रेल्वेगाडी लुटली गेली. चळवळीचे स्वतःचे संदेश मात्र पायी जात, आणि ते नेण्यात बायकांचा मोठा वाटा होता, कारण भाकरीची पाटी घेऊन निघालेल्या बाईवर पोलिसांची नजर सहसा जात नसे. ‘प्रति’चे ‘पत्री’ झाले तेही तोंडोतोंडी. लोकांनी त्या शब्दाला पायाला पत्री ठोकण्याच्या शिक्षेचा अर्थ जोडला, आणि कागदावरच्या नावापेक्षा तेच नाव जास्त टिकले.

दूरध्वनी आणि मोबाइल : १९८०-९० च्या दशकांत एसटीडी बूथ आले. घरी फोन नसलेल्यांच्या लग्नपत्रिकेवर शेजाऱ्याचा किंवा किराणा दुकानदाराचा नंबर ‘पी.पी.’ म्हणून छापला जाई. एका फोनमागे अख्खी आळी असे आणि दुकानदाराच्या पोराला निरोप पोचवत पळावे लागे. मोबाइल आल्यावर मिस्ड कॉलची भाषा तयार झाली: एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे फोन कर. कंपन्यांनी ही सोय विकली नव्हती. पैसे वाचवण्याच्या गरजेतून लोकांनी ती काढली.

पूर आणि आकडा : सांगलीत पावसाळ्यात एकच प्रश्न फिरतो, ‘आयर्विनला किती?’ १९२९ मध्ये खुल्या झालेल्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी फुटांत मोजतात. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. किती फुटांना कोणत्या गल्लीत पाणी येते, हे नदीकाठच्या वस्त्यांना पाठ असते. पूर्वी लोक छत्री घेऊन पुलावर आकडा बघायला जात. १९६३ मध्ये आकाशवाणीचे सांगली केंद्र सुरू झाले आणि बातमीपत्राला कान लावणे त्यात मिळाले. आता व्हॉट्सॲपवर तासातासाला पाणी मोजायच्या पट्टीचा फोटो येतो. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले, तेव्हा खऱ्या आकड्यांच्या जोडीला ‘धरण फुटले’ छापाच्या अफवाही त्याच वाटेने आल्या. साधने तीन झाली, प्रश्न एकच राहिला. बदलला तो सांगणाऱ्यावरचा भरवसा: पट्टी स्वतः वाचणाऱ्याला अफवा पचवणे अवघड होते, फोटो पुढे ढकलणाऱ्याला तितके नाही.

वडगावचा भोंगा : करोनाकाळात ऑनलाइन वर्गांसाठी मुलांच्या हाती फोन गेले आणि शाळा उघडल्यावरही ते सुटेनात. कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये त्यावर तोडगा काढला. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि घरोघरी टीव्ही व मोबाइल बंद होतात. मुले अभ्यासाला बसतात. सुरुवातीला लोकांना दारोदार जाऊन समजवावे लागले. साडेआठला भोंगा पुन्हा वाजतो आणि मालिका सुरू होतात.