जुरासिक कोस्टवरचे बीच

जुरासिक कोस्ट म्हणजे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याचा १५४ किलोमीटरचा पट्टा, पश्चिमेला डेव्हनमधल्या एक्समथजवळच्या ऑर्कम पॉइंटपासून पूर्वेला डॉर्सेटमधल्या ओल्ड हॅरी रॉक्सपर्यंत. २००१ मध्ये युनेस्कोनं याला जागतिक वारसा म्हणून घेतलं, आणि घेतलं ते दृश्यासाठी नाही तर खडकांसाठी. नाव जुरासिक असलं तरी इथे ट्रायासिक, जुरासिक आणि क्रिटेशियस असे तिन्ही काळ आहेत, मिळून साधारण १८.५ कोटी वर्षांचा हिशोब. हे सगळे थर पूर्वेकडे कललेत, म्हणजे गंजीतली पुस्तकं एका बाजूला सरकवल्यावर प्रत्येकाची कड दिसावी तसं, त्यामुळे पश्चिमेकडून पूर्वेकडे चालत गेलं की आपण जुन्या खडकाकडून नव्याकडे येतो आणि साहजिकच दर काही मैलांवर बीच पार वेगळा होतो, रंग वेगळा, वाळू की गोटे तेही वेगळं. आपल्याकडे "बीचवर गेलो" म्हणजे पुळण, लाटा आणि भेळ एवढंच डोळ्यासमोर येतं, ते इथे चालत नाही. इथे कोणत्या बीचवर जायचं हे आधी ठरवावं लागतं.

पश्चिमेकडचे कडे तांबडे. सिडमथ, लॅड्रम बे या भागातला खडक ट्रायासिक काळातला, तेव्हा इथे वाळवंट होतं आणि त्यातल्या लोहामुळे हा रंग आलाय. पुढे ब्रॅन्सकमचा बीच २००७ मध्ये जगभर गाजला, कारण वादळात अडचणीत आलेलं नापोली नावाचं मालवाहू जहाज तिथे किनाऱ्याला लावलं आणि त्यातले कंटेनर वाहून आले, मग लोकांनी चक्क नव्याकोऱ्या बीएमडब्ल्यू मोटरसायकली ढकलत घरी नेल्या, पोलिसांना शेवटी बीच बंद करावा लागला.

खरा माल लाइम रीजिस आणि चारमथला आहे. इथले कडे काळपट, मऊ चिकणमातीचे आणि चुनखडीच्या पट्ट्यांचे, सतत ढासळणारे, आणि ढासळतात म्हणूनच जीवाश्म बाहेर पडतात. जीवाश्म शोधण्यासाठी प्रसिद्ध असलेली मेरी ॲनिंग (१७९९-१८४७) इथलीच. सुताराची मुलगी, वडील लवकर गेले, घरात पैसा नाही, म्हणून किनाऱ्यावर सापडलेले जीवाश्म ती ट्रिपला आलेल्या लोकांना विकायची. १८११ मध्ये तिच्या भावाला इक्थिओसॉरची, म्हणजे माशासारख्या दिसणाऱ्या समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याची, कवटी सापडली, बाकीचा सांगाडा पुढच्या वर्षी तिनं शोधला, १८२३ मध्ये प्लेसिओसॉर या लांब मानेच्या समुद्री प्राण्याचा पूर्ण सांगाडा काढला, आणि एवढं करून लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत तिला प्रवेश नव्हता कारण बायकांना घेतच नव्हते. १८३३ मध्ये दरड कोसळून तिचा कुत्रा तिच्या डोळ्यासमोर गेला. लाइममध्ये तिचा पुतळा उभा राहायला २०२२ उजाडलं, त्यावर जास्त काही बोलायला नको.

चारमथला आजही कोणीही जाऊन जीवाश्म शोधू शकतं. पद्धत सोपी आहे: ओहोटी लागत असताना जायचं, कड्यापासून लांब राहायचं आणि पाण्याजवळच्या गोट्यांमध्ये नजर लावून बसायचं. बेलेम्नाइट म्हणजे बंदुकीच्या गोळीसारखे टोकदार तुकडे, ते लहान मुलांनाही मिळतात. ॲमोनाइट म्हणजे गुंडाळलेला शंख, नशीब असेल तर पितळेसारखा चमकणारा. सुट्टे पडलेले उचलता येतात, कडा खणायचा नाही, आणि काही दुर्मिळ सापडलं तर तिथल्या हेरिटेज सेंटरला कळवायचं. हिवाळ्यातल्या वादळानंतर सगळ्यात चांगलं मिळतं, म्हणजे ऑगस्टमध्ये फोटो चांगले येतात पण दगड फेब्रुवारीत. मराठी माणसाला हा शंख ओळखीचा वाटतो त्याला कारण आहे, आपल्या देवघरातला गंडकीचा शाळिग्राम फोडलेला असला तर आत जी चक्रं दिसतात तो ॲमोनाइटच, बराचसा याच जुरासिक काळातला. आपण त्यात विष्णूचं चक्र बघितलं, इंग्लंडमधल्या लोकांना तो दगड झालेला साप वाटायचा.

लाइमच्या पश्चिमेला १८३९ च्या नाताळात एवढी मोठी जमीन खचली की अख्खं शेत मुख्य जमिनीपासून तुटून वेगळं झालं, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्यावरचा गहू कापायला लोकांची जत्रा भरली. चारमथच्या पूर्वेचा गोल्डन कॅप हा १९१ मीटरचा कडा इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचा सगळ्यात उंच.

वेस्ट बेपासून चेझिल बीच सुरू होतो. २९ किलोमीटर गोट्यांचा बांध, मागे फ्लीट नावाचं खाऱ्या पाण्याचं लांबट तळं. यातली गंमत म्हणजे गोटे आपोआप निवडले गेलेत, वेस्ट बेला वाटाण्याएवढे आणि दुसऱ्या टोकाच्या पोर्टलंडला बटाट्याएवढे, जुने चोरटा माल आणणारे लोक म्हणे अंधारात गोटा चाचपून आपण कुठे लागलो ते सांगायचे. इथे पोहायच्या फंदात पडू नये, उतार खडा आहे आणि परतणारी लाट पाय ओढते. खिशात गोटा घालून आणणंही बेकायदेशीर आहे. पोर्टलंडचा दगड मात्र अधिकृतपणे शेकडो वर्षं बाहेर जातोय, लंडनचं सेंट पॉल्स कॅथेड्रल त्याचंच.

वाळू हवी असेल तर वेमथ. तिसरा जॉर्ज राजा १७८९ मध्ये तब्येतीसाठी इथे समुद्रस्नानाला आला आणि गावाचं नशीब पालटलं. उथळ पाणी, लहान मुलं, आइस्क्रीम, थोडक्यात चौपाटीच्या सगळ्यात जवळचं प्रकरण.

डर्डल डोअर हा चुनखडकाचा कमानीसारखा दरवाजा सगळ्या पोस्टरवर असतो आणि म्हणूनच तिथे गर्दीही तेवढीच. कार पार्क वर, बीच खाली, आणि परत चढताना सगळ्यांचे चेहरे बघण्यासारखे. कमानीवरून पाण्यात उड्या मारायचं खूळ फार वाईट, मे २०२० मध्ये तिथे लोक गंभीर जखमी झाले आणि बीचवर हेलिकॉप्टर उतरवावं लागलं. माझ्या मते शेजारची लुलवर्थ कोव्ह जास्त बघण्यासारखी, कारण तिथे समुद्र कसा काम करतो ते कळतं: पुढे कठीण चुनखडकाची भिंत, तिला पाण्यानं एक खिंडार पाडलं, मागची माती मऊ असल्यानं ती भराभर कोरली गेली आणि शेवटी खडूच्या डोंगराशी येऊन थांबली, म्हणून ती खाडी अरुंद तोंडाच्या गोल वाडग्यासारखी झाली. बाजूच्या स्टेअर होलमध्ये हेच काम अर्धवट अवस्थेत दिसतं.

त्याच्या पूर्वेला लष्कराची गोळीबाराची जागा आहे. टाइनम गाव डिसेंबर १९४३ मध्ये रणगाड्यांच्या सरावासाठी रिकामं केलं ते कायमचंच, घरांच्या भिंती आणि शाळा अजून आहे. बहुतेक शनिवार-रविवारी ते उघडं असतं आणि तिथून चालत वर्बॅरो बेला उतरता येतं, पण जायच्या आधी तारखा तपासाव्यात. किमरिजला वाळू नाहीच, सपाट खडकांच्या लाद्या आहेत आणि कड्यावर १९५९ मध्ये तेल लागलेल्या विहिरीचा पंप मान हलवत असतो. उत्तर समुद्रातलं तेल ज्या थरातून आलं त्याला या गावाचं नाव आहे.

शेवटचं टोक ओल्ड हॅरी, पांढऱ्या खडूचे सुळके. शेजारी ओल्ड हॅरीची बायको म्हणून दुसरा सुळका होता, तो १८९६ मध्ये कोसळला. हा खडू इथला सगळ्यात तरुण खडक, तरी आपल्या सह्याद्रीच्या लाव्हापेक्षा जुना. लागूनच स्टडलंडची लांब वाळू, फॅमिलीसाठी उत्तम, फक्त मधल्या एका भागात कपड्यांशिवाय हिंडायला परवानगी आहे, पाट्या लावलेल्या असतात, त्या वाचाव्यात म्हणजे आजी-आजोबांसमोर पंचाईत होत नाही.

जायचं तर लंडनच्या वॉटरलूहून वेमथची ट्रेन, लुलवर्थसाठी वूल स्टेशन, लाइमसाठी वॉटरलूहूनच पण वेगळ्या मार्गावरचं ॲक्समिन्स्टर, पुढे बस. पाणी ऑगस्टमध्येही १७-१८ डिग्रीच्या आसपास, त्यामुळे गोव्याच्या हिशोबानं कोणी उडी मारू नये. जीवरक्षकांच्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच पोहायचं. भरतीचं टाइमटेबल बघितल्याशिवाय चारमथहून लाइमला बीचवरून चालत निघू नये, मागे कडा आणि पुढे पाणी अशी कोंडी होते. आणि कड्याच्या सावलीत चटई टाकून डबा उघडायचा मोह टाळावा, २०१२ च्या जुलैमध्ये बर्टन ब्रॅडस्टॉकला भर दुपारी कडा कोसळला आणि खालून जाणारी एक तरुण मुलगी त्यात गेली.