स्टेअरिंगच्या पंपावर चालणारा ब्रेक: भंगारातला हायड्रॉलिक बूस्टर जुन्या जोंगाला बसवताना

ब्रेक बूस्टर गाडी थांबवत नाही. गाडी थांबवतात ते ड्रमला घासणारे लायनर आणि रस्ता धरून ठेवणारे टायर. बूस्टर फक्त तुमच्या पायाचं बळ वाढवून मास्टर सिलिंडरपर्यंत (पायाचं बळ ब्रेक ऑइलच्या दाबात बदलणारा सिलिंडर) पोचवतो, बस्स. पण ते वाढीव बळ येतं कुठून आणि ते अचानक बंद झालं तर हातात काय उरतं, हे जुन्या गाडीचा बूस्टर बदलायच्या आधी नीट समजून घ्यायलाच हवं, कारण घाटात मधेच थांबून विचार करायला वेळ मिळत नाही.

आमच्या गोव्यातल्या साखळी गावच्या एका मित्राकडे जोंगा आहे. जोंगा म्हणजे निसानच्या पी ६० वरून जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत आर्मीसाठी बनायची ती गाडी, १९६९ पासून जवळजवळ १९९९ पर्यंत बनली, मूळ इंजिन ३९५६ सीसीचं सहा सिलिंडरचं पेट्रोल. लिलावातून बाहेर आलेल्या बऱ्याच जोंगांमध्ये लोकांनी डिझेल इंजिन टाकलं, याच्याही गाडीत आधीच्या मालकाने टाकलेलं, पॉवर स्टेअरिंगही बसवलेलं, आणि ब्रेकला एका डिझेल पिकअपचा व्हॅक्यूम बूस्टर. चोरला घाट उतरताना दोन-तीन वळणांवर लागोपाठ ब्रेक मारले की पेडल कडक व्हायचं. मग त्याच्या भावाने शारजाच्या जुन्या पार्टच्या बाजारातून एका अमेरिकन ट्रकचा हायड्रॉलिक बूस्टर मिळवून घरच्या सामानाबरोबर कार्गोने पाठवला. तो गाडीवर चढताना मी बराच वेळ गॅरेजमध्ये होतो, आणि त्या निमित्ताने यातलं विज्ञान एकदा सगळं लिहून काढावं असं वाटलं.

आधी व्हॅक्यूम बूस्टर घेऊ, आपल्या बहुतेक गाड्यांत तोच असतो. काळा गोल डबा, आत रबरी पडदा. पडद्याच्या दोन्ही बाजूंना हवा काढून घेतलेली असते, पेडल दाबलं की तुमच्या बाजूने बाहेरची हवा आत सोडली जाते आणि तीच हवा पडद्याला पुढे ढकलते. म्हणजे इथे जोर लावते ती आपल्या भोवतालची साधी हवा, आणि तिचा दाब समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरला एक किलोच्या आसपास, त्याच्या वर काही केलं तरी जाता येत नाही. प्रत्यक्षात पूर्ण निर्वात कधीच मिळत नाही, ०.७ किलोचा फरक मिळाला तरी चांगलं म्हणायचं. आता २५ सेंटिमीटर व्यासाचा डबा धरा, क्षेत्रफळ साधारण ४९० चौरस सेंटिमीटर, गुणिले ०.७, म्हणजे ३४० किलोच्या आसपास जोर. जोर चांगलाच आहे, पण त्यासाठी डबा केवढा लागला बघा. आणि लडाखला गेलात तर ५००० मीटरच्या वर हवेचा दाबच जवळजवळ निम्मा होतो, तिथे हाच डबा निम्म्याच मदतीचा. आपण गोव्यात समुद्राला लागून राहतो म्हणून हे कधी जाणवत नाही.

पेट्रोल इंजिनात निर्वात फुकट मिळतो, कारण अॅक्सिलरेटर सोडला की थ्रॉटलची झडप बंद होते आणि इंजिन बंद दारातून हवा ओढायचा प्रयत्न करत राहतं. डिझेलमध्ये (जुन्या डिझेलमध्ये तर नक्कीच) अशी झडप नसते, तिथे हवा मोकळी येते आणि कमी-जास्त होतं ते डिझेल. त्यामुळे वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो, आपल्याकडे तो बहुतेक वेळा अल्टरनेटरच्या मागे असतो. तो झिजला किंवा त्याच्या होजला बारीक चीर गेली की पहिला ब्रेक छान लागतो, दुसरा बरा, तिसऱ्याला पेडल कडक. मित्राच्या गाडीत हेच चाललेलं.

हायड्रॉलिक बूस्टर हवेच्या भानगडीत पडतच नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत बेंडिक्सने तो बाजारात आणला, मोठ्या गाड्या, डिझेल गाड्या आणि जिथे मोठा डबा मावत नाही अशा गाड्यांसाठी. तो दाब घेतो पॉवर स्टेअरिंगच्या पंपाकडून, आणि हा पंप गरज पडली तर १०० बारच्या आसपास दाब देऊ शकतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १०० किलो. वरचाच ३४० किलोचा जोर या दाबाने काढायचा तर फक्त ३.४ चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळ पुरतं, म्हणजे जेमतेम दोन सेंटिमीटर व्यासाचा पिस्टन. खऱ्या बूस्टरमधली मापं मॉडेलप्रमाणे वेगळी असतात, पण केवढ्या जागेत केवढा जोर मावतो याचा अंदाज यायला हा हिशेब पुरे. पास्कलने सतराव्या शतकात सांगितलेला नियम हाच, बंद जागेतल्या द्रवाला दाबलं की दाब सगळीकडे सारखा पसरतो, आणि त्या एका नियमावर अख्ख्या जगाचे ब्रेक चालतात हे मला अजूनही खूप सुंदर वाटतं.

आतली रचना तर त्याहून सुंदर. पेडलला पाय लावलेला नसतो तेव्हा पंपाचं तेल बूस्टरमधून अडथळ्याशिवाय आरपार जातं आणि पुढे स्टेअरिंग बॉक्सला मिळतं, दाब जवळजवळ नसतोच, त्यामुळे इंजिनावर भार नाही. तुम्ही पेडल दाबलं की आतला एक बारीक लिव्हर स्पूलला किंचित सरकवतो. स्पूल म्हणजे बोटापेक्षा बारीक, गुळगुळीत घासलेली, खाचा पाडलेली सळई. ती थोडी सरकली की तेलाची वाट अरुंद होते, मागे दाब चढतो आणि ते दाबाचं तेल पिस्टनच्या मागे शिरून त्याला ढकलतं. पिस्टन पुढे गेला की तोच लिव्हर उलटा फिरून स्पूलला परत जागेवर आणतो आणि वाढ थांबते. म्हणून पाय जेवढा दाबाल तेवढीच मदत, जास्त नाही कमी नाही, आणि पायाला ब्रेक जाणवत राहतो. यात कुठेही वायर नाही, सेन्सर नाही, फक्त तेल आणि घासलेलं लोखंड.

इंजिन बंद पडलं तर? पंप थांबला, दाब गेला. यासाठी बूस्टरला अॅक्युम्युलेटर असतो, काही मॉडेलमध्ये आत स्प्रिंग तर काहींत नायट्रोजन भरलेला, आणि गाडी चालू असताना तो दाबाखालचं थोडं तेल धरून ठेवतो. लाइट गेली तरी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी नळाला येत राहतं ना, तसं. या साठ्यातून दोन-तीन वेळा मदतीचा ब्रेक मिळतो. तो संपला की उरतो फक्त तुमचा पाय, दांडा सरळ मास्टर सिलिंडरला ढकलतो. ब्रेक लागतो, पण इथे एक गोष्ट बरेच जण धरतच नाहीत. बूस्टर नसलेल्या गाडीचं पेडल साधारण सहा पट जोर देईल असं बनवलेलं असतं, बूस्टरवाल्या गाडीचं चार पटीच्या आसपास. ४० किलोने दाबलं तर पहिल्यात २४० किलो मिळतात, दुसऱ्यात १६०. एक इंची मास्टर सिलिंडर धरला तर पहिल्यात लाइनमध्ये दर चौरस सेंटिमीटरला ४७ किलो दाब, दुसऱ्यात ३२. आणि बूस्टर आहेच म्हणून कोणी सव्वा इंचाजवळ जाणारा मोठा मास्टर सिलिंडर टाकला तर आणखी कमी. म्हणजे बूस्टर बंद पडलेली गाडी ही मुळात बूस्टर नसलेल्या गाडीपेक्षाही वाईट थांबते. इंजिन बंद करून, सपाट मोकळ्या जागी हळू वेगात हे एकदा स्वतःच्या पायाने अनुभवून ठेवा, असं मी प्रत्येकाला सांगतो.

तो अॅक्युम्युलेटर भंगारातल्या पार्टमध्येही भरलेला असू शकतो, गाडीतून काढून वर्ष झालं तरी. दाब सोडायचा म्हणजे इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबायचं, पण पार्ट आधीच सुटा आला असेल तर ते तुमच्या हातात नसतं. आणि नायट्रोजनवाल्याचा गॅस तर पेडल दाबूनही जात नाही, तो आत कायमचा कोंडलेला असतो. त्याला वेल्डिंगची ज्योत लावू नका, ग्राइंडर लावू नका, व्हाइसमध्ये धरून पाना तर मुळीच घालू नका.

बसवायचं काम म्हटलं तर लेथवाल्याचं. फायरवॉलचे (इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्याचे) होल जुळत नाहीत, मग जाड पत्र्याची अडॅप्टर प्लेट करावी लागते, आणि फायरवॉलचा मूळ पत्रा पातळ किंवा गंजलेला असेल तर आतूनही प्लेट लावायची, नाहीतर ब्रेक दाबला की बूस्टरच मागेपुढे हलतो आणि पेडलचा निम्मा प्रवास त्यातच जातो. बूस्टर आणि मास्टर सिलिंडरच्या मधल्या दांड्याची लांबी मात्र वेळ घेऊन मोजायची. दांडा एखाद मिलिमीटर जास्त लांब झाला तर मास्टर सिलिंडरचा पिस्टन पूर्ण मागे येत नाही, तेल परत जायचं बारीक छिद्र झाकलेलं राहतं, ब्रेक सुटत नाहीत, ड्रम तापतात, तापलं की तेल फुगतं आणि ब्रेक आणखी आवळतात. आमच्या फिटरने प्लॅस्टिसिनची गोळी मधे ठेवून, नट आवळून परत उघडली आणि चपटलेल्या गोळीची जाडी कॅलिपरने मोजली, दोनदा. मला ते बघून फार बरं वाटलं.

आता तेल. एकाच युनिटमध्ये शेजारी शेजारी दोन वेगळी तेलं असतात आणि ती एकमेकांची वैरी आहेत. मास्टर सिलिंडरमध्ये डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक ऑइल, ते ग्लायकोलवर बनलेलं. बूस्टरमध्ये स्टेअरिंगचं खनिज तेल. ब्रेकच्या बाजूचे रबर खनिज तेलात फुगून मऊ पडतात, आणि स्टेअरिंगच्या बाजूचे रबर ब्रेक ऑइलसाठी बनलेले नसतात. एक चमचा तेल चुकीच्या डबीत गेलं तरी रबर किट, मास्टर सिलिंडर, चारही चाकांचे सिलिंडर सगळं उघडायची वेळ येते. म्हणून फनेल वेगळं, फडकं वेगळं, आणि बूस्टर धुवायला ब्रेक ऑइल वापरायचं नाही. त्यात डॉट ३-४ हवेतला दमटपणा शोषतं, कोरडं डॉट ३ कमीत कमी २०५ अंशांपर्यंत उकळत नाही पण पाणी शोषलेलं १४० ला उकळू शकतं, आणि आपल्या पावसाळ्यात उघडा राहिलेला डबा पुन्हा वापरायच्या लायकीचा राहत नाही.

पाइपिंग असं: पंपाकडून दाबाची लाइन बूस्टरला, बूस्टरमधून दुसरी दाबाची लाइन स्टेअरिंग बॉक्सला, आणि बूस्टरची स्वतःची एक कमी दाबाची परतीची लाइन स्टेअरिंग तेलाच्या टाकीकडे. स्टेअरिंग बॉक्सचीही परतीची लाइन आहेच. एक टी (तीन तोंडांचा जोड) टाकून या दोन्ही परतीच्या लाइन जोडायचा मोह सगळ्यांना होतो, आणि तिथेच धोका आहे. स्टेअरिंग झटकन फिरवलं की परतीच्या लाइनमध्ये क्षणभर दाब चढतो, टीमधून तो बूस्टरच्या मागच्या बाजूने आत शिरतो आणि पाय न लावता ब्रेक लागतात. दोन वेगळ्या तोट्यांची टाकी घ्या किंवा जुन्या टाकीला दुसरी तोटी ब्रेझ करून घ्या. दाबाच्या बाजूला रेडिएटरचा किंवा डिझेलचा होज चालत नाही, हायड्रॉलिक होज करून देणाऱ्याकडूनच करून घ्यायचा. खाणींमुळे उसगाव, डिचोली, साखळी या पट्ट्यात अवजड गाड्यांची कामं करणारे पुष्कळ आहेत, त्यामुळे हे आपल्याकडे तसं सोपं. आणि परतीच्या लाइनमध्ये छोटा फिल्टर टाकाच, भंगारातल्या जुन्या पंपाचा एक लोखंडी कण स्पूलमध्ये अडकला तर स्पूल परत येत नाही.

हवा काढताना इंजिन लगेच सुरू करायचं नाही. डिझेल बंद ठेवून, पुढची चाकं उचलून, स्टार्टर थोडा थोडा मारायचा, टाकी भरत राहायची, मग इंजिन सुरू करून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचं आणि मधे मधे पेडल दाबायचं. टाकीत फेस आला की बंद करून तासभर सोडून द्यायचं, फेस आपोआप बसतो. नंतरची तपासणी मला सगळ्यात आवडते: इंजिन बंद, पेडल पाच-सहा वेळा दाबून साठा संपवायचा, मग पेडल हलकं दाबून धरायचं आणि इंजिन सुरू करायचं. पेडल आधी खाली जातं आणि मग पायाला परत वर ढकलतं. मित्राच्या गाडीत ते खाली गेलं, क्षणभर थांबलं आणि बुटाच्या तळव्याला स्पष्ट जाणवेल असं वर आलं, तेव्हा फिटरने काही न बोलता फक्त मान हलवली.

या सगळ्याची किंमतही आहे आणि ती मी लपवणार नाही. ब्रेक आणि स्टेअरिंग आता एकाच पंपावर आणि एकाच बेल्टवर आले. बेल्ट तुटला तर, साठ्यातले ते दोन-तीन ब्रेक सोडले, तर दोन्हीची मदत एकदम जाते. कुळ्याहून दूधसागरकडे जाताना ओढे लागतात तशा पाण्यात बेल्ट भिजून घसरला तरी तेच, आणि तिथे गाडी हळू चालत असल्यामुळे स्टेअरिंग सगळ्यात जड असतं. म्हणून बेल्ट नवा, ताण बरोबर, आणि एक जादा बेल्ट गाडीत.

शिवाय बूस्टर कितीही भारी असला तरी ड्रम तेच आहेत. माणसं-सामान धरून दोन टनांची गाडी ६० च्या वेगातून थांबवली तर २.८ लाख ज्यूलच्या आसपास ऊर्जा उष्णता होऊन ड्रममध्ये जाते, तेवढ्यात जवळजवळ एक लिटर पाणी ३० अंशांपासून उकळीपर्यंत येईल. आणि घाटात ५०० मीटर उंची फक्त ब्रेकवर उतरलात तर ती ऊर्जा होते ९८ लाख ज्यूल, म्हणजे तसे पस्तीस ब्रेक एकामागून एक. तापलेल्या लायनरचं घर्षण घटतं आणि मग कितीही जोराने दाबा, फारसा फरक पडत नाही. ओला ड्रमही तसाच, ओढ्यातून बाहेर आल्यावर हलका ब्रेक धरून थोडं चालवलं की पाणी निघून जातं. मोठे टायर टाकले असतील तर तेही धरा, २८ इंची टायरच्या जागी ३१ इंची आला की त्याच ब्रेकचा रस्त्यावरचा जोर दहा टक्क्यांच्या आसपास कमी होतो. हे नुकसान मात्र बूस्टर भरून काढतो, लायनर थंड असेपर्यंत.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत, तेव्हा काम सुरू करायच्या आधी आरटीओत विचारा, नंतर नको. आणि ज्यांच्या गाडीत पॉवर स्टेअरिंगच नाही त्यांनी या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांनी अल्टरनेटरचा व्हॅक्यूम पंप नीट करून घ्यावा, होज आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) बदलावा, जमलं तर दोन पडद्यांचा बूस्टर शोधावा. आपल्या घाटांना तेवढं पुरतं, आणि त्याचे पार्ट फोंड्यात मिळतात.