सूर्यानुगामी सौर पॅनेल

सूर्याच्या वाटचालीप्रमाणे मोटरच्या साहाय्याने आपोआप वळणारी सौर पॅनेलची मांडणी. बोलण्यात नुसते 'ट्रॅकर'. सूर्य आकाशात तासाला १५ अंश सरकताना दिसतो. किरण जितके तिरपे पडतील तितकी ऊर्जा घटते. लंबापासून ६० अंश कलले की ती निम्म्यावर येते. पूर्व–पश्चिम फिरणारा एका अक्षाचा ट्रॅकर स्थिर पॅनेलपेक्षा साधारण १५ ते २५ टक्के जास्त वीज देतो. दुसऱ्या अक्षाने आणखी थोडी भर पडते, पण वाढणारे सांधे आणि खर्च पाहता शेतात तो परवडत नाही.

विदर्भात ओलितासाठी याचा फायदा वरच्या टक्केवारीवरून कळतो त्याहून मोठा आहे. विहिरीतून पाणी वर चढवायला पंपाला किमान शक्ती लागते. त्याखाली पंप फिरतो, पाणी मात्र येत नाही. स्थिर पॅनेलवर सकाळ-संध्याकाळचा बराच वेळ असा फुकट जातो. ट्रॅकर नेमके हेच तास मिळवून देतो.

साध्या रचनेत दोन एलडीआर (उजेडानुसार विद्युत रोध बदलणारे सेन्सर) आणि त्यांच्यामध्ये एक उभी पट्टी असते. सूर्य सरकला की पट्टीची सावली एकावर पडते. मायक्रोकंट्रोलर (प्रोग्रॅमवर चालणारी नियंत्रक चिप) दोघांच्या व्होल्टेजमधला फरक वाचतो आणि तो मिटेपर्यंत १२ व्होल्टचा, दांडा सरळ पुढेमागे सरकवणारा लिनिअर अ‍ॅक्चुएटर चालवतो. थोड्या फरकाकडे दुर्लक्ष करण्याची मुभा प्रोग्रॅममध्ये ठेवावीच लागते, नाहीतर प्रत्येक ढगासरशी मोटर पुढेमागे करत बसते. कडक उन्हात दोन्ही एलडीआर सारखेच दिपतात, म्हणून ते काळसर काचेखाली बसवतात. दोन्ही टोकांना मोटर थांबवणारे लिमिट स्विच हवेत. दुसरी पद्धत घड्याळ आणि गणिताची: वेळेवरून सूर्याची जागा काढून पॅनेल वळवायचे. नागपूरला सूर्य माथ्यावर येतो तो सरासरी १२ वाजून १४ मिनिटांच्या सुमारास; हा फरक गणितात धरला नाही तर चूक साडेतीन अंशांची होते, उत्पादनात ती जाणवतही नाही.

खरी कसोटी जमिनीची आणि वादळाची. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि उथळ पायावरचा खांब कलतो; मग फिरता सांधा अडकू लागतो. तळाशी फुगीर केलेला खोल काँक्रीटचा पाया अशा जमिनीत टिकतो. अवकाळी वादळात पॅनेल आडवे करून ठेवावे लागते, पण त्याच वेळी आभाळ भरून आल्याने पॅनेलमधून पुरेशी वीज मिळत नाही. म्हणून मोटरीपुरती लहान बॅटरी स्वतंत्र लागते. स्वस्तात जुळवलेल्या ट्रॅकरमध्ये नेमकी हीच गाळली जाते. पावसाळ्यात उजेड सगळ्या आभाळातून पसरून येतो. त्या दिवसांत सूर्यामागे धावण्यापेक्षा पॅनेल आडवेच बरे.

पॅनेलचे भाव उतरल्यापासून मोटरऐवजी दोन पॅनेल जास्त लावणे अनेकदा किफायतशीर ठरते. मधला मार्ग हाताने वळवण्याचा: सकाळी पूर्वेला, दुपारी मध्यावर, नंतर पश्चिमेला. सौरपंपांच्या केंद्रीय मानकांतील दैनिक पाण्याचे आकडेही दिवसातून तीनदा पॅनेल वळवले जाईल असे धरूनच दिलेले आहेत.