कार-टी पेशी उपचार

रुग्णाच्या रक्तातील टी पेशी (रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशी) वेगळ्या काढून, त्यांत कृत्रिम ग्राहीचे (विशिष्ट रेणू ओळखणाऱ्या, पेशीवरील प्रथिनाचे) जनुक घालून, त्या वाढवून पुन्हा शिरेवाटे शरीरात सोडण्याची कर्करोगावरील उपचारपद्धती. ‘कार’ हे कायमेरिक अँटिजेन रिसेप्टर या नावाचे लघुरूप. ग्राहीचा बाहेरचा भाग प्रतिपिंडाचा (अँटिबॉडीचा), आतला संदेशवाहक भाग टी पेशीचा असतो. त्यामुळे प्रतिजन (अँटिजेन, म्हणजे पेशीची ओळख पटवणारा रेणू) ओळखण्यासाठी टी पेशीला एरवी लागणाऱ्या एमएचसी रेणूंची (पेशीच्या पृष्ठभागावर प्रतिजनाचे तुकडे मांडणाऱ्या रेणूंची) गरज उरत नाही.

कल्पनेचे श्रेय बहुधा इस्राएलच्या वाइझमन संस्थेतील झेलिग एश्शार यांना दिले जाते. त्यांचा व सहकाऱ्यांचा लेख १९८९ मधील. मात्र जपानमधील कुवाना, कुरोसावा आदींनी असा संमिश्र ग्राही १९८७ मध्येच प्रसिद्ध केला होता. प्रतिजन भेटताच पेशीत कॅल्शियमची पातळी वाढते, एवढे त्यांनी दाखवले. एश्शार यांच्या प्रयोगात लक्ष्यपेशी प्रत्यक्ष मारल्या गेल्या. कालक्रमाने जपानी काम आधीचे असले तरी उपचाराचा उगम म्हणून एश्शार यांचा प्रयोग धरणे अधिक सयुक्तिक वाटते. या पहिल्या ग्राहींना सहउद्दीपक (पेशीला वाढण्या-टिकण्याचा जादा संदेश देणारा) भाग नव्हता आणि अशा पेशी शरीरात फार टिकत नसत. पुढे सीडी२८ (मिशेल सादलेन, २००२) किंवा ४-१बीबी (दारियो कांपाना, २००४) या सहउद्दीपक प्रथिनाचा तुकडा जोडल्यावर ही उणीव बरीचशी भरून निघाली. ४-१बीबी असलेल्या पेशी सावकाश वाढतात, पण जास्त काळ टिकतात, असे सामान्यतः मानले जाते.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात कार्ल जून यांच्या गटाने केलेल्या संशोधनातून बी पेशींवर (प्रतिपिंडे बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींवर) आढळणाऱ्या सीडी१९ या प्रतिजनाला लक्ष्य करणारा उपचार घडला. नोव्हार्टिस कंपनीमार्फत त्याला ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. सुरुवातीची किंमत ४,७५,००० डॉलर होती.

ही किंमत भारतीय रुग्णाला झेपणारी नव्हती, म्हणून मुंबईतील कामाला विशेष महत्त्व आहे. आयआयटी मुंबईच्या जीवविज्ञान व जैवअभियांत्रिकी विभागात राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेने सीडी१९ विरोधी ग्राही तयार केला. त्यातील प्रतिपिंडाचा भाग मानवी प्रतिपिंडाच्या धर्तीवर बदललेला आहे. टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील कर्करोग संशोधन संस्था ‘अ‍ॅक्ट्रेक’मध्ये ४ जून २०२१ रोजी देशातील पहिला कार-टी उपचार झाला. ‘नेक्सकार१९’ या नावाने त्यास ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. पुन्हा उलटलेल्या किंवा इतर औषधांना न जुमानणाऱ्या बी पेशींच्या रक्तकर्करोगांत व लसीका-कर्करोगांत तो वापरतात.

सायटोकाइन-मुक्ती लक्षणसमूह (प्रतिकारपेशींतून सायटोकाइन हे संदेशवाहक रेणू अतिप्रमाणात सुटून होणारा त्रास) हा मुख्य धोका. त्यावर टोसिलिझुमॅब हे औषध देतात. घन अर्बुदांत (अवयवांतील गाठींच्या कर्करोगांत) यश अद्याप मर्यादित आहे.