ग्राउंड झिरोवरचे जेल कर्मचारी : सन्मानामागचा इतिहास

११ सप्टेंबर आला की २००१ च्या हल्ल्यात वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या टॉवरवर गेलेले न्यूयॉर्क फायर ब्रिगेडचे ३४३ जवान सगळ्यांना आठवतात, आठवायलाच पाहिजेत, पण पडलेल्या त्याच टॉवरच्या ढिगाऱ्यावर, म्हणजे ग्राउंड झिरोवर, शहराच्या जेल खात्याची माणसंही राबली होती हे आपल्याकडे फार कोणाला माहीत नाही. आपल्या जळगाव-धुळ्याकडे जेलचा शिपाई म्हणजे गेटवर किल्ल्या घेऊन उभा असलेला माणूस, एवढंच चित्र डोक्यात असतं. धुळे जेल म्हटलं की १९३२ साल, विनोबांची गीतेवरची प्रवचनं आणि ती उतरवून घेणारे साने गुरुजी, हे खान्देशात शाळेतलं पोरगंही सांगेल आणि त्याचा अभिमान आहेच. पण त्या भिंतींच्या आत वर्षानुवर्षं ड्युटी करणाऱ्यांबद्दल आपण कधी काही वाचलंय का?

न्यूयॉर्कमध्येही बरीच वर्षं तसंच होतं. तिथल्या शहराच्या जेल खात्याचा मोठा पसारा रायकर्स बेटावर, क्वीन्स आणि ब्राँक्सच्या मधे, ईस्ट रिव्हरच्या पाण्यात. २००१ मध्ये टॉवर पडले तेव्हा या खात्यातले लोकही ग्राउंड झिरोवर गेले, आणि इकडे जेल तर बंद ठेवता येत नाही, कैद्यांची मोजणी, जेवण, कोर्टाच्या तारखा सगळं चालूच ठेवावं लागतं. ग्राउंड झिरोवरचं काम मे २००२ च्या अखेरपर्यंत चाललं आणि तिथून नेलेला ढिगारा स्टेटन आयलंडवरच्या फ्रेश किल्स कचरा डेपोवर जुलै २००२ पर्यंत चाळत होते, माणसांचे अवशेष सापडावेत म्हणून. घरच्यांना निदान काहीतरी हातात मिळावं यासाठी केलेलं ते काम आहे, त्याची किंमत कशात करणार?

आता खरा मुद्दा धुळीचा आहे. त्या धुळीत सिमेंट होतं, काचेचे तंतू होते, शिसं होतं, ॲस्बेस्टॉस होतं. आणि १८ सप्टेंबर २००१ ला, म्हणजे फक्त एका आठवड्यात, अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या प्रमुखांनी हवा श्वास घ्यायला सुरक्षित आहे असं जाहीर केलं. लोकांनी विश्वास ठेवला, काम करत राहिले, अनेकांकडे धड मास्क नव्हते आणि मग काही वर्षांत खोकला, दमा, फुप्फुसाचे आजार, पुढे कॅन्सर. तिथे काम केलेले जेम्स झड्रोगा नावाचे न्यूयॉर्क पोलिसातले डिटेक्टिव्ह जानेवारी २००६ मध्ये वारले, अशा आजारी माणसांच्या उपचारांसाठी आणि भरपाईसाठी त्यांच्याच नावाचा कायदा करायला २ जानेवारी २०११ उजाडावं लागलं. कॅन्सरचे प्रकार त्यातल्या आजारांच्या यादीत आले ते २०१२ मध्ये. २०१५ मध्ये उपचारांची योजना २०९० पर्यंत वाढवली आणि भरपाईच्या फंडाला कायमचे पैसे मिळाले जुलै २०१९ मध्ये, तेही आजारी माणसं संसदेत येऊन बसली, बोलली तेव्हा. फायर ब्रिगेडमधले नंतरच्या आजारांनी गेलेल्यांचा आकडा सप्टेंबर २०२३ मध्ये त्या दिवशीच्या ३४३ इतका झाला, यावरून अंदाज येईल.

जेलवाल्यांसाठी या सगळ्यात अवघड गोष्ट होती हजेरी. उपचारांच्या योजनेत बसायचं तर तुम्ही तिथे होता हे दाखवावं लागतं आणि त्याचे तास ठरलेले आहेत, साधारणपणे पहिल्या चार दिवसांत ४ तास, किंवा सप्टेंबर संपेपर्यंत २४ तास, किंवा जुलै २००२ पर्यंत ८० तास. ज्याच्या खात्याचं मूळ कामच बचावाचं, त्याच्याबद्दल कोणी शंका घेत नाही. पण जेलच्या माणसाला पहिला प्रश्न हाच की तू तिथे कशाला गेला होतास? जुनं ड्युटी रजिस्टर शोधा, सोबत असलेल्यांकडून शपथेवर लिहून आणा, आणि तोपर्यंत सोबतचा एखादा रिटायर होऊन दुसऱ्या राज्यात गेलेला किंवा वारलेला. न्यूयॉर्क राज्याने २००५ मध्ये कायदा केला की तिथे काम केलेल्या कर्मचाऱ्याला ठरावीक आजार झाले तर ते ड्युटीमुळेच झाले असं धरायचं, पण त्यासाठी नाव नोंदवायची मुदत नंतर परत परत वाढवावी लागली कारण माणसं उशिरा आजारी पडत होती. म्हणून आज तिथे जेल कर्मचाऱ्यांचा सन्मान होतो तेव्हा नाव वाचलं जाणं ही फार मोठी गोष्ट असते. ३० मे २०१९ ला ग्राउंड झिरोवरच्या स्मारकाच्या आवारात मोठ्या सहा दगडांची वेगळी जागा केली, ती या नंतर आजारी पडलेल्या आणि गेलेल्या माणसांसाठी, खातं कोणतंही असो.

हे वाचताना मला आपलं धुळं आठवतं. राज्याचं आपत्ती प्रतिसाद दल उभं राहिलं त्याची एक तुकडी धुळ्याची, एसआरपीमधली, म्हणजे राज्य राखीव पोलिसातली पोरं, म्हणजे मूळ नोकरी बंदोबस्ताची आणि उतरायचं पुराच्या पाण्यात. २३ मे २०२४ ला अकोले तालुक्यात सुगावजवळ प्रवरेत बुडालेल्यांना शोधताना बोट उलटली आणि यातले तीन जवान गेले. ते गेले म्हणून बातमी झाली, पण जे पाण्यातून, धुरातून परत येतात त्यांचं काय? ३१ ऑगस्ट २०१९ ला शिरपूरजवळ वाघाडीच्या केमिकल फॅक्टरीत स्फोट झाला, दहाच्या वर माणसं गेली, तेव्हा त्या धुरात कोण कोण होतं? बरोबर दोन वर्षांनी त्याच तारखेला चाळीसगावात तितूर-डोंगरीचा पूर आला, गाळ उपसायला किती हात लागले. पंचनामा नुकसानीचा होतो, घर, दुकान, जनावरं, पीक, आणि तो व्हायलाच हवा. त्याच कागदासोबत मदतीला आलेल्या होमगार्डचं, एसआरपीवाल्याचं, जेल शिपायाचं, गावातल्या पट्टीच्या पोहणाऱ्याचं नाव, तारीख आणि किती तास होता हे तहसीलला तेव्हाच लिहून ठेवता येतं. पुढे दहा वर्षांनी छातीचा एक्स-रे घेऊन तो दारात आला तर दाखवायला तेवढा कागद तरी असेल.